गाडी थांबविण्याचा अधिकार

रेल्वेच्या सेवेत राहून मराठीत लिहिणाऱ्या बंधुभगिनींनो,

साहित्याच्या संमेलनात काहीसा रुक्ष वाटण्याचा संभव असला, तरी आपणांपैकी बहुतेकांचे आयुष्य ज्यात गेले तो विषय मी आज निवडला आहे : मध्य रेल्वेसारखी एखादी क्षेत्रीय रेल्वे कशी रचलेली असते, तिचा कारभार कोणाच्या हुकुमाने चालतो, आणि त्या हुकुमाला मर्यादा कोठे पडते.

5 नोव्हेंबर 1951 रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, निजामाची रेल्वे, शिंदे सरकारची रेल्वे आणि धोलपूर संस्थानची रेल्वे यांच्या एकत्रीकरणातून मध्य रेल्वे अस्तित्वात आली. तिच्या हद्दी त्यानंतर अनेकदा हलल्या. सोलापूर विभाग 1966 साली दक्षिण मध्य रेल्वेकडे गेला आणि 1977 साली परत आला, तर 2003 च्या पुनर्रचनेत झाशी, भोपाळ आणि जबलपूर हे विस्तीर्ण विभाग निघून जाऊन मुंबई, भुसावळ, नागपूर, सोलापूर व पुणे एवढे पाच विभाग उरले. नागपूर या एकाच शहरात दोन भिन्न रेल्वेंची विभागीय कार्यालये आहेत आणि नांदेड दक्षिण मध्य रेल्वेत मोडते, हे पाहून प्रांताभिमानी मनाला क्लेश होतात. परंतु रेल्वेची सरहद्द ही भाषेपेक्षा कोळशाच्या, धान्याच्या व प्रवाशांच्या प्रवाहावरून आखावी लागते, आणि ते मला योग्यच वाटते.

या विस्ताराच्या शिरोभागी मुंबईस महाव्यवस्थापक असतात आणि प्रत्येक विभागावर विभागीय व्यवस्थापकांची नेमणूक असते, एवढे सर्वश्रुत आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, विभागातला प्रत्येक खातेप्रमुख, मग तो रूळमार्गाचा अभियंता असो, सिग्नल खात्याचा असो वा परिचालनाचा, आपल्या विभागीय व्यवस्थापकाला जसा जबाबदार असतो तसाच मुख्यालयातील आपल्या खात्याच्या प्रमुखालाही असतो. या दुहेरी ताबेदारीने कागद वाढतात आणि कामे रेंगाळतात, ही तक्रार खरी आहे. तथापि अभियंत्याने रूळ दुरुस्तीसाठी चार तासांचा ब्लॉक, म्हणजे गाड्यांविना मोकळा रूळ, मागावा आणि परिचालन खात्याने दोनच तास देऊ करावेत, हा जो कलह प्रत्येक विभागात नित्य चालतो, तो या रचनेने हेतुपुरस्सर जिवंत ठेवला आहे. कारण एकाच्या पदरी गाडीची वेळ बांधलेली आहे आणि दुसऱ्याच्या पदरी रुळाची प्रकृती, आणि या दोहोंपैकी एकाचा आवाज जेथे बंद पडेल तेथे प्रवाशाच्या जिवाला धोका उत्पन्न होईल.

या कलहाचा दैनंदिन निवाडा कंट्रोल कार्यालयात होतो. तेथे सेक्शन कंट्रोलरसमोर, पूर्वी मोठ्या कागदावर आणि आता संगणकाच्या पडद्यावर, एका अंगाने स्थानके आणि दुसऱ्या अंगाने घटका मांडलेल्या असतात, आणि प्रत्येक गाडी म्हणजे त्या जाळीतून जाणारी एक तिरपी रेषा असते. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या दोन रेषा स्थानकावरच छेदल्या पाहिजेत, मध्ये कोठेही नाही, हे पाहता पाहता तो कोणती मालगाडी बाजूच्या लूप लाइनीत उभी करावयाची आणि कोणत्या डाकगाडीला वाट द्यावयाची ते ठरवीत असतो. अनेक कोसांवरच्या गाड्या त्याच्या शब्दाने हलतात. आणि तरीही एक गोष्ट त्याच्या, विभागीय व्यवस्थापकाच्या, फार काय, महाव्यवस्थापकाच्याही अखत्यारात नाही : ज्याने धोका पाहिला त्याने थांबविलेली गाडी, तो धोका दूर झाल्याची खात्री होण्यापूर्वी पुढे काढणे.

मला आज जे सांगावयाचे आहे ते हेच. चालविण्याचा हुकूम वरून खाली येतो, परंतु थांबविण्याचा अधिकार ज्याच्या दृष्टीस धोका पडेल त्याचा असतो. खांद्यावर हातोडा व पाना घेऊन आपल्या हद्दीतला रूळ रोज पायी तपासणाऱ्या कीमनला रूळ तुटलेला आढळला, तर त्याच्या हातातल्या लाल बावट्यापुढे कितीही मानाची गाडी उभी राहिलीच पाहिजे, आणि त्यासाठी त्याला कोणाची मंजुरी घ्यावी लागत नाही. पावसाळ्यात रात्रीची गस्त घालणारा गस्तीवाला ठरलेल्या वेळी स्थानकावर पोचला नाही, तर स्टेशन मास्तराने पुढची गाडी सावधगिरीच्या लेखी हुकुमाशिवाय सोडू नये असा नियम आहे. म्हणजे त्या माणसाची अनुपस्थितीसुद्धा या व्यवस्थेत एक निरोप मानली जाते. फाटकवाला फाटक बंद केल्याची ग्वाही नुसत्या होकाराने देत नाही. आपल्याजवळच्या तक्त्यातला एक गुप्त अंक तो मास्तराला सांगतो, आणि तो अंक दोन्ही ठिकाणच्या नोंदवहीत चढतो. एवढेच नव्हे, तर नव्या मार्गाला परवानगी देणारा व मोठ्या अपघातांची चौकशी करणारा रेल्वे सुरक्षा आयुक्त हा रेल्वे मंत्रालयाचा अंमलदार नाही; तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अधीन ठेवलेला आहे, ते अशासाठी की ज्यांची कैफियत ऐकावयाची त्यांच्याच हुकुमाखाली त्याला राहावे लागू नये.

या तत्त्वाचे दर्शन ज्याला घ्यावयाचे असेल त्याने बोरघाटात जावे. तेथे 37 फुटांस एक फूट इतका तीव्र चढ आहे. कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिने लागतात आणि ती लोणावळ्यापर्यंत गाडी रेटीत नेतात. उतरणीवर मात्र निराळा शिरस्ता आहे : गाडीसमोरचा सांधा मूळचा मुख्य मार्गाकडे नसून डोंगरात चढत जाणाऱ्या एका आडमार्गाकडे लावलेला असतो, आणि ड्रायव्हरने गाडी पूर्ण उभी करून ती आपल्या ताब्यात असल्याचे सिद्ध केल्यावरच त्याला पुढची वाट मिळते. वेगावर विश्वास ठेवण्यापूर्वी थांबण्याच्या सामर्थ्याची परीक्षा घेणारी याहून निर्मळ योजना मी पाहिलेली नाही.

हा घाट 1863 साली खुला झाला. त्याची आखणी करणारे जेम्स बर्कली, कंत्राट घेऊन अल्पावधीत निवर्तलेले सॉलोमन ट्रेडवेल, आणि पतीच्या पश्चात ते काम तडीस नेणाऱ्या अॅलिस ट्रेडवेल यांची नावे इतिहासात आहेत. ऐन भरात 40 हजारांहून अधिक मजूर तेथे खपत होते. पटकीने आणि सुरुंगांनी त्यांतले किती गेले, त्यांनी आपसांत काय गुजगोष्टी केल्या, रात्री काय गाइले, याचा त्यांच्या हातचा एकही कागद माझ्या वाचनात आलेला नाही. ती माणसे लिहू शकत नव्हती. आपण लिहू शकतो.

म्हणून या व्यासपीठावरून माझी आपणांस कळकळीची विनंती आहे. रेल्वेवरचे मराठी लेखन पुष्कळ आहे, परंतु ते बहुतांशी डब्याच्या खिडकीतून पाहणाऱ्याचे आहे. सिग्नलच्या केबिनमधून, कंट्रोलच्या टेबलावरून, रुळाच्या कडेने चालत केलेले लेखन फार थोडे आहे. ज्यांनी कागदावर गाड्यांच्या रेषा ओढल्या ते कंट्रोलर निवृत्त होत आहेत आणि एकेरी मार्गावर जाण्याचा परवाना म्हणून ड्रायव्हरला गोळ्याचे टोकन देणारे मास्तर वार्धक्याकडे झुकले आहेत. आपल्या स्थानकावरच्या, आपल्या गँगमधल्या एका तरी वडीलधाऱ्या माणसाजवळ या वर्षी वही घेऊन बसा. त्याने कोणती गाडी, कोणत्या रात्री, कशासाठी थांबविली ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या, आणि ते लेखन पुढच्या संमेलनात घेऊन या.