भंडाऱ्याशेजारी एक टेबल
(मंडळाच्या वार्षिक सभेत एका सभासदाने केलेले भाषण)



आपण इंदूरची मराठी माणसे. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज होळकरांच्या काळात पोटासाठीच इथे आले. कोणी शिपाई, कोणी कारकून, कोणी पुजारी. त्यांच्या पाठीशी दरबार होता. आज झाबुआ-अलिराजपूरहून पोरेबाळे घेऊन बांधकामावर येणाऱ्या मजुराच्या पाठीशी कोण आहे? त्याचे मत गावाकडे, म्हणून इथल्या नगरसेवकाच्या हिशेबात तो नाही. मुकादमाशिवाय त्याला शहरात ओळखणारे कोणी नाही.

अशा परक्या माणसासाठी आपल्याकडे देवाच्या नावाने एक दार उघडे राहत आले आहे. अहिल्यादेवींनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे उभारली. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या, आणि कीर्तनातून सांगितले की कर्ज काढू नका, दारू सोडा, मुलांना शिकवा. नुसता निवारा देऊन ते थांबले नाहीत. माणूस स्वतःच्या पायावर उभा राहावा, ही त्यांची धडपड होती. आपण मात्र अन्नदान तेवढे उचलले आणि पुढचा भाग सोडून दिला.

२०२० ची टाळेबंदी आठवा. मे महिन्यात बिजासन घाटात, राज्याच्या सीमेवर, हजारो मजूर अडकले होते. आपल्या बायपासवरून चालणाऱ्यांची रीघ लागली होती. लोकांनी जेवण दिले, पाणी दिले, चपला दिल्या. यवतमाळ जिल्ह्यात करंजी येथे महामार्गावरच्या लंगरात लाखो लोक जेवले. हे पुण्य मोठेच. पण त्याच महिन्यात, ८ तारखेला पहाटे, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. आपल्याच राज्यातले, शहडोल-उमरियाकडचे. जालन्याहून ते भुसावळला गाडी पकडायला पायी निघाले होते. श्रमिक गाड्या १ मेपासून सुरू झाल्या होत्या. रुळांवर त्यांच्या पोळ्या विखुरलेल्या सापडल्या. म्हणजे अन्न त्यांच्याजवळ होते. गाडीत जागा मिळवून देणारे कोणी नव्हते.

मी बँकेत कारकून आहे, तेव्हा हिशेबाने बोलतो. ज्याच्याजवळ पुरेसे कागद नाहीत, त्याचेही फोटो आणि सही-अंगठ्यावर ‘छोटे खाते’ निघते. शिल्लक ५० हजारांपर्यंत, महिन्याला १० हजारांपर्यंत उचल, मुदत १२ महिने. तेवढ्या अवधीत कागद करून घ्यायचे. वर्षाला २० रुपये कापून २ लाखांचा अपघात विमा मिळतो. वारसाचे नाव मात्र नीट लिहिले पाहिजे. वर्षात ९० दिवस बांधकामावर राबलेल्याला कल्याण मंडळाकडे नोंदणी करता येते. गावच्या शिधापत्रिकेवर इथल्या दुकानात धान्य मिळते. ई-श्रम नोंदणीला एक पैसाही लागत नाही. योजना सगळ्या आहेत. मजूर मात्र काउंटरपर्यंत येत नाही. त्याची एक दिवसाची मजुरी बुडते, आणि साहेबाची भीती वाटते.

देवळाची भीती वाटत नाही. गुरुद्वारा असो, दर्गा असो, चर्च असो, तिथे जेवायला बसताना कोणी ओळखपत्र मागत नाही. म्हणूनच ओळखपत्राचे काम तिथेच करून देणे सर्वांत सोपे आहे.

माझी सूचना साधी आहे. येत्या गणेशोत्सवापासून आपल्या भंडाऱ्याशेजारी एक टेबल मांडावे. निवृत्त बँकवाले, शिक्षक, वकील आपल्याकडे भरपूर आहेत. अर्ज भरून द्यावेत, आणि काम होईपर्यंत एका सभासदाने त्या माणसाबरोबर कचेरीत जावे. मजुरी बुडवली असेल तर कामगार कार्यालयात तक्रार लिहून द्यावी. तीन पथ्ये पाळावीत. जात-धर्म विचारायचा नाही, बदल्यात काही मागायचे नाही, आणि त्यांचे फोटो पत्रिकेत छापायचे नाहीत.

आणखी एक. मते आपल्याजवळ आहेत. उमेदवार दारी येतात तेव्हा आपण सभागृहासाठी निधी मागतो. यापुढे मजूर चौकात सावली, पाणी आणि संडास हेही मागू या. ज्याला इथे मत नाही, त्याच्या वतीने मागण्यात आपले काहीच जात नाही.

हा ठराव आपण मंजूर करावा, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवतो.