विहारासमोरचा वाफा



विहारासमोरच्या मोकळ्या जागेवर सरसकट फरशी बसवावी, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. दरवर्षी झेंडूची रोपे आणायची, ती वाळायची आणि मग उन्हाळाभर नुसती धूळ. तेव्हा हे म्हणणे अगदीच गैर नाही. परंतु झेंडू हंगामी आहे, फुलून बी धरले की त्याचे आयुष्य संपते. त्यावरून बागेचाच निकाल लावणे योग्य नव्हे. निशिगंध, शेवंती, मोगरा, अबोली, कर्दळ ही बहुवर्षायू झाडे आहेत. एकदा लावली की ती काही वर्षे टिकतात, आणि आपल्या पूजेची फुलेही हीच.

प्रथम वाफ्याविषयी. वाफा ३ ते ३.५ फुटांहून रुंद नको. दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोहोचला पाहिजे, म्हणजे आत पाय पडून माती दाबली जात नाही. फूटभर खोल खणून चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. ताज्या शेणाने हुमणी येते. आपली जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी. तीत कंद सडतात. म्हणून जमिनीपासून ६ इंच उंच गादीवाफा करू.

आता झाडे आपल्या दिनदर्शिकेवर बसवून पाहू. निशिगंधाचे कंद मे महिन्यात २ इंच खोल लावले, तर वर्षावासाच्या उत्तरार्धात दांडे येऊ लागतात. हारासाठी सिंगल जात घ्यावी, तिला वासही अधिक. ६ डिसेंबरच्या सुमारास शेवंती. तिच्या काश्या पावसाच्या सुरुवातीला लावून महिन्याभराने शेंडे खुडले की फांद्या वाढतात आणि फुले जास्त मिळतात. मात्र शेवंतीला कळी धरण्यासाठी लांब रात्र लागते. तेव्हा ती विहाराच्या दिव्याखाली लावू नये. रात्रभर उजेड पडला तर झाड हिरवेगार राहील आणि फूल लांबणीवर पडेल. १४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमेला मोगरा. त्याचे पाणी डिसेंबरमध्ये तोडावे, हलकी छाटणी करावी, आणि जानेवारीत खत घालून पुन्हा पाणी सुरू करावे. पहिल्या वर्षी मोगरा फारसा फुलणार नाही. मधल्या जागेत झेंडू खुशाल लावावा.

खरा धोका पाण्याचा नाही, आपल्या श्रमदानाचा आहे! थंडीत निशिगंधाची पाने पिवळी पडतात. फुले संपल्यावर शेवंतीच्या काड्या वाळतात. 'झाड मेले' म्हणून उत्साही मंडळी वाफा साफ करतात आणि जिवंत मुळे कचऱ्यात जातात. बहुवर्षायू म्हणजे बारमाही फुलणारे नव्हे; ते झाड विश्रांती घेते. शेवंती जमिनीपासून ३-४ इंचांवर कापून ठेवावी, बुडातून नव्या काश्या येतात. प्रत्येक झाडाजवळ खुंटी ठोकून तिच्यावर नाव लिहावे, हे काम विद्यार्थ्यांनी घ्यावे.

उन्हाळ्यात वाफ्यावर पाचोळ्याचा २-३ इंचांचा थर द्यावा आणि पाणी सकाळीच घालावे. पिण्याचे माठ विसळलेले पाणीही इथे चालेल, साबणाचे नको.

पुष्पपूजेच्या गाथेत फूल कोमेजण्याचे स्मरण आहे, ते विकतच्या फुलानेही होते, हे मान्य. पण दर पौर्णिमेला हारांसाठी जाणारा पैसा अभ्यासिकेच्या पुस्तकांकडे वळला तर कुणाला नको आहे? शिवाय ३ वर्षांनी निशिगंधाच्या कंदांची गर्दी होते आणि दांडे बारीक पडतात. तेव्हा कंद काढून वेगळे करावेच लागतात. जास्तीचे कंद सभासदांच्या घरी जातील.

म्हणून आमची सूचना एवढीच की, फरशीचा ठराव दोन वर्षे थांबवावा. फाटकाच्या उजव्या बाजूला, दिव्यापासून दूर, १० फूट लांबीचा एकच वाफा करू. मोगऱ्याचा दुसरा बहर पाहून फरशीचे ठरवू. ज्यांच्या घरी कुदळ आहे त्यांनी रविवारी सकाळच्या वंदनेला येताना ती सोबत आणावी.