बर्फातले तीन हिवाळे आणि कृतज्ञतेचा हिशेब
(पौष पौर्णिमेच्या धम्मसभेत दिलेले व्याख्यान)



आपल्या नंदाखालला बर्फ पडत नाही. पौषात पहाटे बावखलावर धुके उतरते, वाडीतल्या केळीची पाने दवाने ओली होतात, आणि विरार स्टेशनकडे निघालेला माणूस कानाला मफलर गुंडाळतो. एवढीच आपली थंडी. तरीही आज आम्ही बर्फाच्या हिवाळ्याविषयी बोलणार आहोत. कारण आपल्या समाजाच्या जडणघडणीत अशा तीन हिवाळ्यांचा मोठा वाटा आहे.

जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. वय अवघे बावीस. महू, सातारा आणि मुंबई येथे वाढलेला हा तरुण. १९१६ पर्यंत त्यांनी तिथे तीन हिवाळे काढले. जानेवारीत त्या शहराचा पारा शून्याखाली जातो, झाडे उघडी पडतात, रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग साचतात. बाहेर बर्फ असला की माणूस आत बसतो. पण आत बसून काय करायचे, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.

चरित्रकार सांगतात, की सुरुवातीचे काही दिवस मित्रमंडळींच्या संगतीत गेले. मग त्यांनी आपण इथे कशासाठी आलो, याचा शांतपणे विचार केला आणि ते अभ्यासाला बसले ते बसलेच. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६ आणि तत्त्वज्ञानाचे ५ अभ्यासक्रम घेतले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी भारतातील जातींवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला. महिन्याला साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, तिच्यातूनही काटकसर करून घरी पैसे पाठवायचे. या बैठकीला आम्ही स्थिरता म्हणतो. डोळे मिटणे एवढाच तिचा अर्थ नाही. आपण कोणाच्या जोरावर इथे उभे आहोत हे ज्या शांततेत दिसते, ती स्थिरता.

आता आमच्या स्वतःच्या अनुभवाकडे येतो. आम्हाला बँकेत लागून वीस वर्षे होऊन गेली. काही वर्षांपूर्वी अशाच थंडीच्या दिवसांत चहाच्या वेळी एक सहकारी हसत हसत म्हणाले, "तुम्हाला सवलतीत नोकरी मिळाली. आमचे उपकार माना." आम्ही काहीच बोललो नाही. लोकलमधून घरी येईपर्यंत डोके तापलेले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे विहारात आनापानाला बसलो, पण श्वासावर मन ठरेना. तेच वाक्य पुन्हा पुन्हा कानात वाजे.

बऱ्याच दिवसांनी एका पहाटे आमच्या कारकुनी डोक्यात प्रकाश पडला. बँकेत एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर पडली, तर संध्याकाळी हिशेब जुळत नाही. आपले तसेच चालले होते. उपकाराची नोंद चुकीच्या खात्यावर टाकायला आम्हाला सांगितले जात होते, आणि रागाच्या भरात आम्ही खरे खातेही उघडून पाहिले नव्हते.

ते उघडले तेव्हा त्यात आई दिसली. ती रोजंदारीवर वाडीत भाजी खुडायला जाई. हिवाळ्यात दवाने भिजलेल्या साडीनेच परत येई आणि आमच्या फीचे पैसे पदराच्या गाठीतून काढून देई. गावातल्या एक ख्रिस्ती शिक्षिका दिसल्या, ज्यांनी आपल्या मुलाची जुनी पुस्तके कव्हर घालून आम्हाला दिली. बाबासाहेब दिसले. राखीव जागांना आधार देणारे संविधानाचे कलम १६(४) दिसले. तो कोणाचा उपकार नव्हे, हक्क आहे. त्या दिवशी मन बसले.

मित्रांनो, कृतज्ञता आणि लाचारी यांतला फरक बाबासाहेबांनी जगून दाखवला. ४ जून १९१३ रोजी त्यांनी शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार केला होता. सयाजीराव महाराजांच्या मदतीची जाण ठेवून ते सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्याला गेले. तिथे राहायला जागा मिळेना. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढले. त्यांनी बडोदे सोडले. ऋण त्यांना मान्य होते, पण त्यासाठी माणुसकी गहाण टाकणे मान्य नव्हते. आणि हेही लक्षात ठेवा, की न्यूयॉर्कमध्ये जोडलेले नवल भथेना हे त्यांचे आयुष्यभराचे मित्रही पारशीच होते. पुढे लंडनच्या शिक्षणासाठी त्यांनी कर्जाऊ पैसे दिले. एकाच्या खात्यावरचा राग बाबासाहेबांनी दुसऱ्याच्या खात्यावर टाकला नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी आयरिश नेते डॅनियल ओकॉनेल यांचा दाखला देऊन बजावले, की थोरांविषयी कृतज्ञ असावे, पण स्वाभिमान देऊन कोणी कृतज्ञ होऊ शकत नाही. ही मर्यादा आपण पाठ करून ठेवली पाहिजे.

तथागतांनी महामंगल सुत्तात कतञ्ञुता, म्हणजे कृतज्ञता, हे उत्तम मंगल सांगितले आहे. परंपरा असे सांगते, की संबोधीनंतर एक आठवडा भगवान बुद्ध बोधिवृक्षाकडे पापणी न लववता पाहत उभे राहिले. ज्या झाडाने सावली दिली त्याच्याविषयीची ती कृतज्ञता. बुद्धगयेत ती जागा अनिमेषलोचन म्हणून आजही दाखवतात. स्थिरता आणि कृतज्ञता तिथे एकत्र आहेत. त्यात मागणे नाही, लोटांगण नाही. फक्त नीट पाहणे आहे.

तेव्हा विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच. या थंडीत रोज पहाटे दहा मिनिटे मोबाईल बाजूला ठेवून स्वस्थ बसा. मग वहीत एक नाव लिहा, ज्याच्यामुळे आज तुमच्या हातात पुस्तक आहे. आणि ते ऋण पुढे फेडा. आपल्या वस्तीतल्या एका मुलाला रविवारी गणित शिकवा. आई-वडील हयात असतील तर घरी गेल्यावर त्यांच्याजवळ थोडा वेळ बसा. आमचा हिशेब जुळेपर्यंत आमची आई राहिली नाही. ती नोंद आमच्या वहीत तशीच शिल्लक आहे. तुमच्या वहीत ती राहू नये.



जय भीम! नमो बुद्धाय!