बोंझूर आधी, मराठी नंतर

आम्ही कळसच्या बचत गटातल्या नऊ जणी. माईकपुढे एकच बसली आहे, पण बाकीच्या आठ जणी काचेपलीकडून बघतायत आणि काही राहिलं की हात हलवतायत. म्हणून जे सांगायचं ते 'आम्ही' म्हणूनच सांगतो.

आम्ही मॉरिशसला जाऊन आलो हे कळल्यापासून बाजारात, दवाखान्यात, लग्नात दोनच प्रश्न येतात. खर्च किती आला, आणि इंग्रजी येत नसताना तुमचं निभावलं कसं? खर्चासाठी आम्ही तीन वर्षं भिशी लावली होती, त्याचा हिशेब गटाच्या बैठकीत या, तिथं सांगू. आज बोलायचं आहे ते भाषेचं.

आधी जायचं कसं ठरलं ते सांगितलं पाहिजे. एका आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी बेलवाडीला आली होती. गोल रिंगण बघायला आम्ही गेलो, तर तिथं एक आजी भेटल्या. नऊवारी नेसलेल्या, कपाळाला मोठं कुंकू, आणि मराठी मात्र अशी की एकेक शब्द देव्हाऱ्यातून काढून आणल्यासारखा. त्या मॉरिशसच्या. त्यांना आम्ही घरी आणलं, पिठलं-भाकरी वाढली. जाताना म्हणाल्या, "तुम्ही आमच्या घरी या." आपण सगळ्यांनाच असं म्हणतो, पण आजींनी ते लावूनच धरलं. दर महिन्याला फोन.

मॉरिशस हे हिंदी महासागरातलं बेट. आधी डचांकडे होतं, मग फ्रेंचांकडे, 1810 पासून इंग्रजांकडे, आणि 12 मार्च 1968 ला स्वतंत्र झालं. इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली तेव्हा उसाच्या मळ्यांत माणूस हवा होता. 1834 पासून पुढं जवळजवळ पाऊणशे वर्षं हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले, साडेचार लाखांहून जास्त. त्यात बिहारकडचे सगळ्यांत जास्त, तामिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले मराठी लोकही. त्यांची ही पाचवी-सहावी पिढी. मराठी मंडळ्या आहेत, देवळं आहेत, शाळेत मराठी विषय घेता येतो, गणपतीला साऱ्या देशाला सुट्टी असते. कोकणातल्या जाखडीसारखा नाच अजून करतात, त्याला झाकरी म्हणतात.

एवढं ऐकल्यावर आम्हाला वाटलं, मग काय, आपलीच माणसं, भाषेची अडचण कसली? इथंच आमचं चुकलं. सरकारी कागद इंग्रजीत, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये, आणि घरात, बसमध्ये, भाजी घेताना बोलायची ती क्रिओल. मराठी घरातसुद्धा क्रिओलच. आजींच्या पिढीला मराठी थोडी येते, सुनेला आरतीपुरती, नातीला शाळेपुरती.

क्रिओल ही फ्रेंचपासून निघालेली, गुलामांच्या तोंडी घडलेली भाषा. तिला व्याकरणाचा फार जाच नाही. 'मो' म्हणजे मी, 'नू' म्हणजे आम्ही, 'ली' म्हणजे तो किंवा ती, दोन्हीला एकच. 'पा' लावलं की नकार. 'मो पा कोंप्रां', मला कळलं नाही. हे वाक्य आम्ही दिवसातून पन्नास वेळा म्हटलं. त्याच्या जोडीला 'दुस्मां', म्हणजे हळू. एवढ्या दोन गोष्टींवर समोरचा माणूस थांबतो, हसतो आणि खुणा करून सांगतो.

गंमत अशी की काही शब्द आपल्या कानाला फसवतात. 'तो' म्हणजे त्यांच्यात 'तू'. आम्हाला वाटायचं, हे सारखं कुणा पुरुषाबद्दल काय बोलतात? आणि 'दे' म्हणजे दोन. भाजीवाली म्हणाली 'दे रुपी', तर आमच्यातली एक तडकली, "देते की बाई, आधी वस्तू तर दे!"

आता रीतीचं. तिथं कुणाशीही बोलायच्या आधी 'बोंझूर' म्हणायचं. झ आपल्या 'झाडा'तला. संध्याकाळी 'बोंस्वार'. दुकानात शिरलात, बसमध्ये चढलात, रस्ता विचारायचा आहे, आधी बोंझूर, समोरच्याचं बोंझूर येऊ द्यायचं, मगच काम. आपल्याला ही सवय नाही. आपण दुकानाच्या पायरीवरूनच "अर्धा किलो साखर" म्हणून ओरडतो आणि दुकानदारालाही त्यात काही वाटत नाही. तिथं तसं केलं तर माणूस काम करतो पण तोंड फिरवून. पहिल्या दिवशी आम्ही नऊ जणी एका दुकानात घुसलो आणि एकदम नऊ वस्तूंचे भाव विचारले, इंग्रजीत, "हाऊ मच, हाऊ मच" करत. दुकानदारीण गप्प. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात एकेकीनं बोंझूर म्हटलं, मग 'कोम्ये सा?' म्हणजे हे केवढ्याला, आणि निघताना 'मेर्सी'. तिनं खुर्ची दिली बसायला.

तू आणि तुम्ही हा भेद मात्र आपल्याला शिकवावा लागत नाही, आपल्या भाषेतच आहे. 'तो' म्हणजे तू, 'ऊ' म्हणजे तुम्ही. मोठ्यांना, अनोळखी माणसाला 'ऊ'. म्हाताऱ्या माणसांना 'तोंतों' आणि 'तांतीन' म्हणतात, आपलं काका-मावशी. ओळखीच्या बायका भेटल्या की गालाला गाल लावतात. आमच्यातल्या दोघी पहिल्यांदा दचकून मागंच सरल्या. मागं सरू नका, वाईट दिसतं. अवघड वाटत असेल तर आधीच हात जोडून नमस्कार करा, हिंदू घरांत तो सगळ्यांना कळतो.

जेवणाची काळजी आम्हाला फार होती, कारण पाच जणी माळकरी. 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर हॉटेलात कळतं, पण गाड्यावर मासे घातलेलं पुढं येऊ शकतं. आजींच्या सुनेनं एक शब्द शिकवला, 'कारेम'. मूळ ख्रिस्ती उपवासाचा शब्द, पण तिथले हिंदूही सणवाराला मांस-मासे सोडतात तेव्हा हाच वापरतात. 'नू फेर कारेम', आम्ही पाळतो, असं म्हटलं की पुढं समजावून सांगायची गरज नाही. अंड्याचं वेगळं सांगायचं, 'सां दिझेफ', अंड्याशिवाय. आणि गाड्यावर मिळणारी 'ढोलपुरी' खाल्ल्याशिवाय येऊ नका. डाळ भरलेली मऊ पोळी, आपल्या पुरणपोळीची गूळ न घातलेली बहीण. ती जोडीनंच विकतात, म्हणून 'एन पेर' मागायची. चटणीला 'सातिनी', कोथिंबिरीला 'कोतोमिली', मिरचीला 'पिमां'. पिमां जपून, आपल्या लवंगीलाही लाजवते.

आता जे सांगायला जीभ अडखळते ते.

आजींच्या घरी आम्ही एक दिवस आणि एक रात्र राहिलो. पश्चिम किनाऱ्याच्या बाजूला गाव, चहूकडे ऊस. संध्याकाळी दिवा लावला आणि नातीनं, तेरा-चौदा वर्षांची असेल, गणपतीची आरती म्हटली. तिनं ती रोमन अक्षरांत लिहून पाठ केलेली. 'ळ' तिला येत नव्हता, 'ठ' चा 'त' होत होता. आमच्यातली एक हसली. मग दुसरी. वाईट मनानं नव्हे, लहान मूल बोबडं बोललं की हसतो तसं. एकीनं तर "अगं असं नाही, असं" म्हणून शब्द दुरुस्तही केला. पोरगी गप्प झाली. आरती तिनं पुरी केली, पण त्यानंतर रात्री जेवताना, सकाळी चहाला, तिनं आमच्याशी मराठीचा एक शब्द काढला नाही. 'वी' आणि 'नों', हो आणि नाही, एवढंच.

आजी काही बोलल्या नाहीत. रात्री अंथरुणं घालताना मात्र त्यांनी त्यांच्या मोडक्या मराठीत सांगितलं. शाळेत हा विषय घेणारी मुलं थोडी. फ्रेंचचा उपयोग होतो, इंग्रजीचा होतो, मराठीचा काय उपयोग असं मुलं विचारतात. ही आपण होऊन शिकते. आम्हाला त्या रात्री झोप आली नाही हे खरं.

विचार करा, आपल्याकडे कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीडकडच्या टोळ्या येतात. त्यांच्या बायका पाणी मागायला दारात आल्या आणि त्यांच्या बोलीत काही म्हणाल्या, की आपण नक्कल करतो. हे आम्ही केलेलं आहे, दुसऱ्या कुणी नव्हे. त्यांना काय वाटत असेल हे मॉरिशसला जाऊन कळावं लागलं.

सकाळी आम्ही एक केलं. वहीत लिहून घेतलेली सगळी क्रिओल वाक्यं घेऊन त्या पोरीपुढं बसलो आणि म्हटलं, शिकव. 'दिरी' म्हणजे भात, 'दिते' म्हणजे चहा, 'दिलो' म्हणजे पाणी, 'लाकाझ' म्हणजे घर, 'लाप्ली' म्हणजे पाऊस. नऊ बायकांचे नऊ उच्चार! पहिल्यांदा तिच्या आईला हसू आलं, मग तिला. आम्हीही हसलो. ती आमच्याशी मराठीत परत बोलली का? थोडं. निघताना 'परत या' म्हणाली, आणि 'त'-'ठ' चा प्रश्नच नव्हता त्यात.

दुसरी चूक प्रश्नांची. आपल्याला माणूस भेटला की लगेच विचारायची सवय, गाव कोणतं, आडनाव काय, कोणापैकी? आजींना आम्ही विचारलं, "मूळ गाव कोणतं तुमचं?" त्यांना माहीत नाही. आडनाव म्हणाल तर ते पणजोबांचं नाव. मजुरांची नोंद करताना साहेबानं जे ऐकलं ते लिहिलं, आणि पुष्कळांचं पहिलं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं. जात विचारू नका, गाव विचारू नका. त्यांना सांगायचं असेल तर ते आपण होऊन सांगतात. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या मजुरांच्या जुन्या नोंदी जपून ठेवल्यात, पुष्कळांचे फोटोसुद्धा. तिथं शोधून गाव सापडलेली घरं आहेत. आजींनी अजून शोध घेतलेला नाही. का, ते आम्ही विचारलं नाही. तेवढं तोवर शिकलो होतो.

पोर्ट लुईच्या बंदरावर आप्रवासी घाट आहे. बोटीतून उतरून मजूर ज्या सोळा पायऱ्या चढले त्या तिथं आहेत. 2006 साली युनेस्कोनं ती जागा जागतिक वारशात घेतली. तिथं मोठ्यानं बोलू नका, पायऱ्यांवर फोटोसाठी गर्दी करू नका. शेतांतून जाताना काळ्या दगडांचे उंच ढीग दिसतात. उसासाठी रान साफ करताना त्या लोकांनी हातांनी वेचलेले दगड आहेत ते. आपल्यासारख्या ऊसवाल्या बायकांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

तयारीचं आता भराभर सांगतो, वेळ होत आली. आम्ही फेब्रुवारीत गेलो, आपल्याकडे हवा चांगली म्हणून. तिथं ऋतू उलटे, फेब्रुवारी म्हणजे उन्हाळा आणि वादळांचे दिवस. महाशिवरात्रीला ग्रां बासीं तलावाकडे पांढऱ्या कपड्यांत चालत निघालेली माणसं बघायला मिळाली, आपल्या वारीची आठवण आली, ते एक बरं झालं. पण एके दिवशी रेडिओवर वादळाचा इशारा लागला. तिथं इशाऱ्याचे वर्ग असतात, एक ते चार. तिसरा लागला की घराबाहेर पडायचं नाही. निवेदन फ्रेंचमध्ये. आम्हाला त्यातलं फक्त 'क्लास दे' कळलं, म्हणजे दोन, आणि ते कळलं ते त्या भाजीवालीमुळं! एन, दे, त्र्वा, कात. हे चार आकडे पाठ करूनच विमानात बसा. वादळ बाजूनं गेलं, पण ती रात्र विसरायची नाही. जमलं तर मे ते ऑक्टोबरमध्ये जा.

पासपोर्ट आधी सहा महिने काढायला घ्या. आमच्यातल्या चौघींचं आधारवर सासरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. लग्नाची नोंद केलेली नव्हती. त्या धावपळीतच दोन महिने गेले. भारतीय पासपोर्टवर फिरायला जाताना व्हिसा आधी काढावा लागत नाही, पण परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता दाखवावा लागतो. आधी ऑनलाइन फॉर्मही भरायचा असतो, तो मुलांकडून भरून घ्या. निघण्याआधी नियम पुन्हा बघा. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, त्याबाबत ते लोक कडक आहेत. ताजी फळं, भाजी, बियाणं, रोप नेऊ नका. आजींसाठी तुळशीचं रोप न्यायचं आमच्या फार मनात होतं, ते राहिलं. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर 2016 पासून बंदी आहे, कापडी पिशव्या न्या. फोनवरून यूपीआय फेब्रुवारी 2024 पासून तिथं सुरू झालं आहे, पण सगळीकडे नाही, ढोलपुरीवालीला सुटे पैसेच लागतात. घड्याळ दीड तास मागं करायचं. आणि गावाकडच्या बसगाड्या संध्याकाळी लवकर बंद होतात. एकदा आम्ही राहिलो होतो रस्त्यावर. मग एका तोंतोंनी टेम्पोत घातलं.

भेट काय न्यावी असं बरेच जण विचारतात. आम्ही साडी नेली होती, शेंगदाण्याची चटणी नेली होती. आजींना सगळ्यांत आवडलं ते बालभारतीचं पहिलीचं पुस्तक. नातीनं ते आधी उचललं आणि कुठल्या तरी खोलीत घेऊन गेली.