परदेशातील मुक्काम आणि कायद्याची मुदत
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या ज्ञातीतील अनेक मुलेमुली अमेरिकेत स्थिरावली आहेत. लेकीच्या वा सुनेच्या बाळंतपणासाठी आता वडीलधारी मंडळीही तिकडे जातात. निघण्यापूर्वी लोणची, मेतकूट, औषधे यांची याद बारकाईने होते. तितक्याच बारकाईने मुक्कामाच्या मुदतीचीही चौकशी व्हावी, एवढ्यासाठी आज मी उभा आहे.

पासपोर्टावर दहा वर्षांचा व्हिसा असला म्हणजे हवे तितके दिवस राहता येते, हा समज चुकीचा आहे. व्हिसा हा दाराशी जाऊन प्रवेश मागण्याचा परवाना होय. आत किती दिवस राहावयाचे, हे विमानतळावरील अधिकारी ठरवितो. पर्यटकास बहुधा सहा महिने मिळतात. ही अखेरची तारीख ‘आय-९४’ नावाच्या नोंदीत असते. विमानाने येणाऱ्यांची ही नोंद २०१३ पासून संगणकावर ठेवली जाते व ती सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. पोहोचताच ती पाहून घरच्या कालदर्शिकेवर खूण करावी.

ही तारीख ओलांडल्यास काय होते? समजा, मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत आहे आणि आपण ५ नोव्हेंबरला निघालो. विलंब अवघा पाच दिवसांचा. तथापि तेवढ्यानेही तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द ठरतो आणि सामान्यतः मायदेशी येऊन नवा मागावा लागतो. समजा, नातवंडाच्या मोहाने मुक्काम १५ मेपर्यंत लांबला. तेव्हा बेकायदा वास्तव्याचे सुमारे १९६ दिवस भरतात. १९९६ च्या कायद्यान्वये हे वास्तव्य १८० दिवसांहून अधिक पण वर्षाच्या आत असेल, तर परत निघाल्यापासून तीन वर्षे प्रवेशबंदी. वर्ष वा त्याहून अधिक असेल, तर दहा वर्षे! मुलाकडे मंगलकार्य असो वा दुखणे, आईबापांस जाता येत नाही. सत्तरीतील माणसाला दहा वर्षांची बंदी म्हणजे काय, हे मी सांगावयास नको.

या बंदीतून सूट मिळण्याची सोय आहे, पण ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. कायम वास्तव्यासाठी येऊ इच्छिणाऱ्यास ही सूट मागताना आपल्या पतीचे, पत्नीचे किंवा आईवडिलांचे असह्य हाल दाखवावे लागतात, आणि तेही नागरिक वा कायम रहिवासी असावे लागतात. मुलाचे हाल त्यात गणले जात नाहीत. आपला मुलगा तेथील नागरिक आहे, तो निभावून नेईल, अशा भरवशावर कोणी राहू नये.

मग आजारपण वा अन्य अडचण आलीच तर? मुदत संपण्यापूर्वी मुदतवाढीचा अर्ज करावा. योग्य कारणाचा अर्ज वेळेत केला, आणि मधल्या काळात परवानगीवाचून नोकरी केली नाही, तर निकाल लागेपर्यंतचे दिवस बेकायदा वास्तव्यात धरत नाहीत. अर्ज नामंजूर झाल्यास मात्र दुसऱ्या दिवसापासून गणना सुरू होते. सबब डॉक्टरांची पत्रे व परतीचे तिकीट जपून ठेवावे आणि जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

तरुणांसाठीही एक सूचना. ‘एच-१बी’ व्हिसावरील नोकरी सुटल्यास जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळू शकते. ‘आय-९४’ ची मुदत त्याआधी संपत असेल, तर सवलतही तेथेच संपते. नोकरी गेल्याचे संकोचाने घरी लपविण्यात हे दिवस दवडू नयेत.

शेवटी, पूर्वीचा विलंब पुढील अर्जात दडवू नये. विलंबाची बंदी काही वर्षांनी संपते. असत्य कथनाची बंदी मात्र जन्मभर पाठ सोडत नाही.

वेळेवर परतणारा पाहुणा पुन्हा मानाने जाऊ शकतो.