वर्ग, गाव आणि जग

(महाविद्यालयीन प्राध्यापक व पंचायत सदस्य यांच्या संयुक्त बैठकीत केलेले भाषण)



गेल्या उन्हाळ्यात मी एका ग्रामपंचायतीच्या कार्यालयात बसलो असताना एक विद्यार्थी तेथे आला. त्याच्या हाती छापील प्रमाणपत्र होते. ‘विद्यार्थ्याने १२० तास काम केले’ असा मजकूर आधीच तयार होता. सरपंचांची सही आणि शिक्का एवढेच बाकी होते. सरपंचांनी विचारले, “बाळ, तू गावात आलास केव्हा?” मुलगा मान खाली घालून म्हणाला, “आजच आलो, काका.” मुलाचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून सरपंचांनी सही केली. मीही गप्प बसलो. त्या दिवशी जे बोलावयास हवे होते, ते आज बोलणार आहे.

शिक्षणाला प्रत्यक्ष कामाची जोड देण्याचा विचार नवा नाही. आपल्याकडे २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांची सेवा ही तिची अट आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर आलेल्या आराखड्यात उमेदवारीला, म्हणजेच इंटर्नशिपला, श्रेयांक मिळू लागले. एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचे काम. तासांचा हिशेब ठरला. परंतु त्या तासांत विद्यार्थ्याने काय शिकावे, हा प्रश्न शिल्लकच आहे.

या बाबतीत परदेशातील एक प्रयोग लक्षात घेण्याजोगा आहे. वॉशिंग्टन येथील अमेरिकन विद्यापीठाने १९४७ मध्येच असा पायंडा पाडला होता की, इतर महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी एक सत्र राजधानीत येऊन राज्यकारभाराचा अभ्यास करावा. पुढे त्याला उमेदवारीची जोड मिळाली. हडसन नदीच्या खोऱ्यातील बार्ड महाविद्यालयाने २००१ मध्ये न्यूयॉर्क शहरात जागतिक घडामोडींच्या अध्ययनाचे असेच सत्र सुरू केले. आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अभ्यासक जेम्स चेस हे त्याचे संस्थापक. विद्यार्थी दिवसा मानवी हक्क, निर्वासितांचे साहाय्य अशा क्षेत्रांतील संस्थांत काम करीत आणि सायंकाळी त्याच विषयांच्या वर्गात बसत. दिवसाच्या कामातून प्रश्न निर्माण होत आणि सायंकाळच्या वर्गात त्यांची चिकित्सा होई. या पद्धतीचे मर्म या देवाणघेवाणीत आहे. वर्ग नसेल तर उमेदवारी म्हणजे फुकटची कारकुनी, आणि काम नसेल तर वर्ग म्हणजे कोरडी चर्चा.

त्याचबरोबर अशा प्रयोगांची मर्यादाही ओळखली पाहिजे. महानगरातील राहणीचा खर्च मोठा आणि स्वयंसेवी संस्थांतील उमेदवारी पुष्कळदा बिनपगारी. साहजिकच ज्याच्या घरी ऐपत आहे, त्यालाच संधी मिळते. आपल्या जिल्ह्यातील शेतमजुराच्या मुलीला एस. टी.चे भाडे आणि दुपारचे जेवण मिळाले नाही, तर तिच्यासाठी ही योजना कागदावरच राहील.

कोणी म्हणेल, आमच्या गावाचा आणि जागतिक घडामोडींचा संबंध काय? त्याला उत्तर जामखेडने दिले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील या दुष्काळी भागात आरोग्यकार्य सुरू केले. गावोगावच्या, बहुधा अल्पशिक्षित वा निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या कामाला स्थान मिळाले. त्यानंतर १९७८ मध्ये अल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघाला. जगाच्या धोरणाचा विषय गावच्या ओसरीवर आधीच हाताळला गेला होता.

आजही तेच आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ ध्येये स्वीकारली. पंचायतींसाठी ती ९ संकल्पनांत मांडण्यात आली असून ग्रामपंचायत विकास आराखडा त्यांवर आधारावयाचा असतो. विद्यार्थ्याने वर्गात ही ध्येये अभ्यासावी आणि गावात येऊन आराखड्यातील पाण्याची वा पोषणाची कामे खरोखर कोठवर आली, हे पाहावे. जागतिक घडामोडींचा याहून चांगला पाठ मला तरी दिसत नाही.

माझ्या सूचना चारच आहेत. पहिली, विद्यार्थी येण्यापूर्वी महाविद्यालय आणि संस्था किंवा पंचायत यांनी काम लेखी ठरवावे. दुसरी, प्राध्यापकांनी आठवड्यातून एकदा त्या कामावर वर्ग घ्यावा. तिसरी, प्रवास व भोजनखर्चाची तजवीज आधी करावी. चौथी, विद्यार्थ्याने आपला अहवाल मराठीत लिहून ग्रामसभेत वाचून दाखवावा. ज्या कामाला सारे गाव साक्षी आहे, त्याचे खोटे प्रमाणपत्र निघत नाही.

तो मुलगा लबाड नव्हता. त्याला कोणी काम दिलेच नव्हते. दोष असेल तर तो आपणा मोठ्यांचा आहे. सरपंचमंडळींना माझी विनंती आहे की, पुढच्या वेळी असा मुलगा आला तर सहीपूर्वी त्याला बसवून घ्या, पाणी द्या आणि विचारा, “उद्यापासून येशील का?”

जय हिंद! जय महाराष्ट्र!