नळदुर्गचे टेलरसाहेब

सोलापूराहून हैदराबादच्या वाटेस लागले म्हणजे नळदुर्गचा किल्ला दृष्टीस पडतो. बोरी नदीवरील पाणीमहाल पाहण्यास सोलापूरची मंडळी पावसाळ्यात हौसेने जातात. परंतु या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार एकेकाळी एका इंग्रज कादंबरीकाराकडे होता, ही गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते. कर्नल फिलिप मेडोज टेलर हे त्यांचे नाव.

टेलरसाहेबांचा जन्म १८०८ साली लिव्हरपूल येथे झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी ते एका व्यापाऱ्याच्या पेढीत काम करण्यासाठी मुंबईस आले. तेथील आशा फोल ठरली, तेव्हा त्यांनी निजामाच्या फौजेत नोकरी धरली. विद्यापीठाची पदवी नाही, कंपनी सरकारची मानाची सनद नाही. जे मिळविले ते येथील भाषा शिकून आणि येथील माणसांत राहून. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड, रायचूर व नळदुर्ग हे मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. त्यांपैकी नळदुर्ग टेलरसाहेबांच्या हाती आला आणि १८५७ पर्यंत तो त्यांनी सांभाळला.

त्यांची 'कन्फेशन्स ऑफ ए ठग' ही कादंबरी १८३९ साली निघाली. अमीर अली हा ठग आपल्या खुनांची हकीकत स्वतःच्याच तोंडाने सांगतो, आणि वाचकाचा थरकाप उडतो. व्हिक्टोरिया राणीलाही या कादंबरीची उत्कंठा लागली होती. पुढे त्यांच्या टिपू सुलतानावरील कादंबरीच्या आधारे हरिभाऊ आपट्यांनी 'म्हैसूरचा वाघ' लिहिली. म्हणजे मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या उषःकाली टेलरसाहेबांचाही हातभार लागला आहे.

आपल्या प्रांताला सर्वांत जवळची त्यांची कृती म्हणजे १८६३ ची 'तारा'. नायिका तुळजापूरची ब्राह्मण बालविधवा. पार्श्वभूमी अफझलखानाच्या स्वारीची. शेवटी तिचा विवाह खानाच्याच पुत्राशी होतो. हा शेवट पुष्कळांच्या मनास रुचणार नाही. परंतु विधवेचे दुःख ज्या आस्थेने येथे रंगविले आहे, ती आस्था परकी वाटत नाही.

तथापि एक सावधगिरी अवश्य बाळगावी. १६५७, १७५७ व १८५७ अशा शंभर शंभर वर्षांच्या अंतराने तीन कादंबऱ्या गुंफण्याचा त्यांचा संकल्प होता. दुसरी प्लासीच्या काळची, तिसरी सत्तावनच्या उठावाची. या मेळासाठी अफझलखानाचा वध त्यांनी १६५७ त नेऊन बसविला. वास्तविक तो १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी झाला. तात्पर्य, या मुलखाचे डोंगर, देवळे व माणसे यांविषयी टेलरसाहेबांचे ऐकावे. सनावळीसाठी मात्र इतिहासकाराकडेच जावे. कादंबरीने इतिहासाची गोडी लावावी, त्याची जागा घेऊ नये.

१८७५ साली टेलरसाहेबांची दृष्टी गेली. तशा स्थितीतही ते हैदराबादेस पुन्हा येऊन गेले. परतताना १३ मे १८७६ रोजी फ्रान्समधील मेंतों येथे त्यांचे देहावसान झाले. दुसऱ्या वर्षी त्यांचे आत्मचरित्र त्यांच्या कन्येने प्रसिद्ध केले.

तुळजापूरच्या यात्रेस जाताना श्रोत्यांनी 'तारा' अवश्य वाचावी, आणि वाचून झाल्यावर स्वतःस एक प्रश्न विचारावा : ज्या मुलखाने परक्याच्या लेखणीस इतके दिले, त्याचे आपण काय लिहिले?